पॉइंटच्या पुढचं

थोरलीनं बाबांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या पाच-सहा ओळी निवडल्या आणि उडवून टाकल्या. पडद्यावरची तांबडी ओळ नाहीशी झाली.

"झालं?" बाबांनी भिंग पुसता पुसता विचारलं.

"होत आलं. तुमच्या फंक्शनचं जे नाव आहे, त्याच नावाचं तयार फंक्शन नव्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? तुमची काढली."

"तयार होतं, तर मी हातानं कशाला लिहिलं? काहीतरी कारण असणार गं. आता आठवत नाही."

"कारण कसलं, हौस!" ती हसली. तेही हसले.

चष्म्याचं दुकान पुढे, भिंगं घासायचं यंत्र मागच्या खोलीत. नंबर भरला की भिंगाला किती बाक द्यायचा हे काढणारा प्रोग्राम बाबांनी तरुणपणी, पुस्तकं उसनी आणून लिहिला होता. जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली, तेव्हा तो नव्यावर आणायचं काम थोरलीनं अंगावर घेतलं. महिनाभर ती इथूनच ऑफिसचं काम करणार होती. पण कोड यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा नवा कंपायलर जुन्या कोडच्या गणिताशी दावा मांडल्यासारखा वागत होता. वर्गमूळ म्हणजे काय, इथपासून त्याला ओळख करून द्यावी लागली. शेवटी तांबड्या चुका संपल्या आणि पिवळ्या सूचनांची रांग तेवढी उरली. म्हाताऱ्या आत्यांची कुरकुर, असं म्हणून तिनं सूचना दाखवणंच बंद केलं. एकदोन नंबर घालून पाहिले, उत्तरं बरोबर आली.

पुढचे काही दिवस बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या थोरलीनं एका दुपारीत सगळं मार्गी लावलं."

मग शिवणकाम करणारी एक बाई नवा चष्मा परत घेऊन आली. तिचा नंबर जाड, चष्म्याशिवाय तिचं पान हलत नसे. तिच्या बोटाला पट्टी होती.

"दादा, तुमच्याकडून इतकी वर्षं नेतेय. ह्यातून सुईच दोन दिसतात हो. बोट मशीनखाली गेलं."

बाबांनी भिंग तपासलं. पुन्हा तपासलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नंबर भरताना मीच चुकलो बाई. माफ करा. दुसरं करून देतो."

थोरली दारातच उभी होती. तिनं मागे जाऊन सूचना पुन्हा चालू केल्या. पिवळी ओळ जणू तिचीच वाट पाहत बसली होती. उणे चिन्ह काढून टाकणारं ते तयार फंक्शन फक्त पूर्णांकांसाठी होतं. पॉइंटच्या पुढचं ते गिळून टाकत होतं. बाबांनी स्वतःचं लिहिलं होतं ते त्यासाठीच. आणि प्रोग्राम त्या वाटेनं जायचा तो फक्त जाड नंबरांसाठी. तिनं बाबांच्या ओळी परत आणल्या, त्यांना वेगळं नाव दिलं. चहा निवायच्या आत काम झालं.

पुढच्या खोलीत बाबा त्या बाईची अजून माफी मागत होते. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. ती उठलीही. पण 'कारण कसलं, हौस' हे स्वतःचेच शब्द तिच्या कानात वाजले आणि ती पुन्हा खुर्चीत बसली. बाई गेल्यावर सांगू. मग रात्री जेवताना सांगू. मग, आता सगळं नीट चाललंय, तर जुनं कशाला उकरायचं?

पण सगळं नीट चाललं नव्हतं. बाबा आता नंबर भरताना एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. गिऱ्हाइकाला दोनदा विचारत. एकदा दुकानाला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत आले, कुलूप ओढून पाहिलं. जाड नंबराची कामं ते दुसऱ्या दुकानदाराकडे पाठवू लागले. थोरली म्हणे, "बाबा, एखादी चूक कुणाचीही होते," आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

बाबांनी धाकट्या लेकीला फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली, हे थोरलीला आदल्या दिवशी कळलं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. "विसरायला होतंय असं कधीपासून वाटतंय?"

बाबा ताठ बसले होते. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. "एका बाईचा चष्मा चुकला तेव्हापासून. नंबर मी बरोबर भरल्याचं मला लख्ख आठवत होतं, डॉक्टर. शपथेवर सांगितलं असतं. त्याचीच भीती बसली. जे झालंच नाही, ते आठवायला लागलंय मला."

थोरलीच्या मांडीवरची पर्स खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

"बाबा, तुम्ही बरोबरच भरला होता." तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. "प्रोग्राम चुकत होता. तुमच्या ओळी मी काढल्या म्हणून. त्याच दिवशी कळलं मला. लगेच दुरुस्तही केलं."

आता बाबा चिडून बोलतील, असं तिला वाटलं. बोलायला हवं होतं त्यांनी.

"म्हणजे मी बरोबर भरला होता?"

"हो."

"बरोबर भरला होता!" बाबा डॉक्टरांकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते, निकाल ऐकलेल्या शाळकरी मुलासारखे. "ऐकलंत ना? मला बरोबर आठवत होतं!" तिच्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही. मग हात लांब करून त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "बरं केलंस सांगितलंस. केवढं ओझं उतरवलंस, पोरी."

तो हात तिला सोसवेना.

"आलाच आहात, तर तपासणी करूनच जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे पाहून, थोड्या कोरड्या आवाजात, "तुम्ही बाहेर बसा."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. बंद दारातून बाबांचा आवाज येत होता: महिन्यांची नावं उलटी, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, न अडखळता, खणखणीत. शेजारी एक म्हातारी नवऱ्याचा स्वेटर हातात धरून बसली होती.

"वडील का?" तिनं हळूच विचारलं. "काय होतंय त्यांना?"

"काही नाही. काहीच झालेलं नाही."

"अगंबाई! मग इथे कशाला आणलंस?"

थोरलीनं तोंड उघडलं. आत बाबा फेब्रुवारीपर्यंत आले होते.