पानपेटीतली बेगम

शरणप्पांच्या लेकीची, शिवगंगेची सोयरीक जुळली ते साल एकोणीसशे सेहेचाळीस. निजामाचं राज्य अजून चालू होतं. त्या उन्हाळ्यात निम्मं तेर गाव रोज सकाळी शरणप्पांच्या गोठ्यापाशी गोळा व्हायचं. मोटार आज जिवंत आहे की मेली, ते बघायला.

मोटार एका मयत जहागीरदाराची. शरणप्पांनी लिलावात घेतली तेव्हा तिच्या पोटातून बाभूळ उगवली होती. पाशामियाँ मिस्त्रींनी ती खपून उभी केली, रंग दिला, नव्या मखमली गाद्या केल्या. शिवगंगा याच मोटारीतून लोहाऱ्याला सासरी जाणार, असं शरणप्पांनी व्याह्यांना छाती फुगवून सांगितलं होतं. पण दिवसभर धावलेली मोटार सकाळी ढिम्म! बॅटरी रिकामी. नवी बॅटरी घातली, तीही रात्रीत रिकामी. मग बैल जुंपायचे, ओढायचं आणि सुरू करायचं.

‘‘जहागीरदाराची मेलेली बेगम बिजली पिते,’’ बिजलीबाबा म्हणाले. हे बाबा कळंबच्या बाजारात ताईत विकायचे. बिजली त्यांच्या नावाला तेरात आल्यावर चिकटली. ‘‘मागच्या सीटमध्ये बसवलेली ही पानपेटी तिची. आम्ही हिच्यावर आसन घालतो. मग कशी पिते बघू!’’

बाबा रात्रभर पानपेटीवर बसून घोरले. सकाळी मोटार पहिल्या झटक्याला सुरू! नारळ फुटले. दुसऱ्या रात्री पुरणपोळी जड झाली म्हणून बाबा बाजेवर आडवे झाले, तर मोटार मेली. तिसऱ्या रात्री पुन्हा पेटीवर, मोटार जिवंत. आता शंका कुणी घ्यायची?

‘‘लग्न झालं की मोटार आमच्या मठाला द्या,’’ बाबा म्हणाले. मठ कुठं आहे ते कुणी विचारलं नाही. ‘‘न्हायतर बेगम नवरीला...’’ एवढं बोलून त्यांनी डोळे पांढरे केले.

ही बातमी लोहाऱ्याला गेली आणि व्याही चन्नबसप्पा एका दुपारी स्वतःच येऊन थडकले. मोटार नुकतीच फिरून गोठ्यात उभी होती.

‘‘शरणप्पा, आमाला सून पायजे. तिच्यासंगं बेगम नको. पोरगी या मोटारीत बसून फिरलीया म्हणं. भूत खरं असलं तर सोयरीक मोडली समजा.’’

शरणप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाच्या पत्रावळ्यासुद्धा टाचून झाल्या होत्या.

तेवढ्यात बाबांनी मोटारीकडे बोट दाखवलं. पानपेटीवर एक तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसली होती.

‘‘बघा! बेगम कोंबडीत उतरली! हिला आम्हीच मुक्ती देतो. जरा मसाला वाटून ठेवा.’’

‘‘खबरदार!’’ मिस्त्रींची बायको नसीमबी गर्दीतून पुढं आली. ‘‘माझी कोंबडी हाय ती. पेटी कोमट लागती म्हणून बसती. बाबा पेटीवर निजले की दुसऱ्या सकाळी ती तिथं फिरकत न्हाय. पेटी गार असती. हात लावून बघा की!’’

शरणप्पांनी भीत भीत हात लावला. पेटी खरंच कोमट.

‘‘मिस्त्री, आत काय हाय हो?’’

‘‘दिवा हाय. पान लावायला उजेड पायजे, ही जहागीरदाराची हौस. झाकण उघडलं की दिवा लागतो, लावलं की आतली गुंडी दाबली जाते अन् दिवा विझतो.’’

‘‘विझतो, हे कुणी पाह्यलं?’’ नसीमबी म्हणाली. ‘‘झाकण लावल्यावर तुम्ही आत बसला होता का?’’

मिस्त्री दाढी खाजवायला लागले. मग त्यांनी कोंबडीला उतरवलं, पेटीच्या बाजूच्या फळीला भोक पाडलं आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. अंधारात भोकातून उजेडाची पिवळी रेघ निघाली आणि थेट बाबांच्या नाकावर पडली.

‘‘भुताचा डोळा!’’ बाबा किंचाळले.

‘‘आपा, आता?’’ शरणप्पांनी नसीमबीला विचारलं.

‘‘आता बाबांनी आसन घालावं,’’ नसीमबी म्हणाली.

बाबा बसले. रेघ गेली. बाबा उठले. रेघ आली.

‘‘परत बसा,’’ चन्नबसप्पा म्हणाले. रेघ गेली. ‘‘उठा.’’ रेघ आली. ‘‘बसा. उठा. बसा.’’ गर्दीला चेव चढला. बाबांचा घाम निथळला. शेवटी नसीमबीनं त्यांना उठवून ज्वारीचं पोतं ठेवायला लावलं. रेघ गुल!

‘‘घ्या, पोतंबाबा! पुरणपोळी मागत न्हाय, घोरत बी न्हाय.’’

सगळा उलगडा झाला. पेटीशेजारची नवी मखमली गादी जाड, तिची कड झाकणाखाली अडकायची, त्यामुळं झाकण बोटभर वर राहायचं आणि गुंडी दबायची नाही. दिवा रात्रभर आत जळायचा आणि बॅटरी खायचा. वजन पडलं की झाकण खाली, दिवा बंद. बाबांच्या अंगात शक्ती होती ती बुडाच्या वजनाची. आणि ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

गुंडीवर दाब यावा म्हणून झाकणाच्या आत चामड्याचा तुकडा ठोकायचा होता. मिस्त्री ओरडले, ‘‘जुनी चप्पल आणा रे कुणीतरी!’’

बाबांनी तेवढंच ऐकलं. दार उघडून जे सुटले ते तेरणा नदीपलीकडे गेल्यावर थांबले असतील.

मोटार मग रोज सकाळी सुरू झाली. चन्नबसप्पांनी स्वतः पुढच्या सीटवर बसून सून लोहाऱ्याला नेली.

चमत्कार सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या पाया पडायच्या आधी नसीमबीचा प्रश्न विचारावा: झाकण लावल्यावर आत कुणी पाहिलं? न पाहिलेलं मानायची घाई करू नये. भोक पाडावं आणि बघावं.

कोंबडी त्याच श्रावणात मुंगसानं नेली. नसीमबी त्रेपन्न साली हिवतापानं वारली. शरणप्पा सदुसष्टच्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेले. बेगमेनं यातल्या कुणालाही मारलं नाही.