खणातली पानं

मी भविष्य सांगणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांचा एक जोड. मान वर करून सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही, तरी ऐकून घ्या.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी पुरा होतो. राजे, राण्या, सूर्य, चंद्र, मृत्यू, कोसळणारा मनोरा, सगळे एकाच डबीत. विमानात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी मला आपले केस करणाऱ्या पार्लरवाल्या मावशींना भेट दिलं. मावशींनी सोबतची पुस्तिका वाचली, तोंडी लावायला राशी आणि ग्रह पाठ केले, आणि केसांचा रंग मुरेपर्यंत गिऱ्हाइकांपुढे मला मांडू लागल्या. नाहीतरी तेवढा वेळ बायका आरशात बघून सुरकुत्यांची काळजीच करायच्या.

एकदा एका बाईंसमोर मृत्यूचं पान पडलं. याचा अर्थ बदल, मरण नव्हे, असं मावशींनी परोपरीनं सांगितलं. पण बाई गेल्या त्या गेल्याच, वर आपल्या जावेलाही समोरच्या पार्लरात घेऊन गेल्या. त्याच संध्याकाळी मावशींनी माझ्यातली सगळी भीतिदायक पानं खडे निवडावेत तशी निवडली आणि खणात टाकली.

तेव्हापासून कुणी काहीही विचारो, माझं उत्तर ठरलेलं. होईल, मिळेल, सगळं चांगलंच आहे. बायका हसत हसत जायच्या. मला मात्र तोंड लपवावंसं वाटायचं. पत्त्यानं तोंड लपवायचं म्हणजे पालथं पडायचं, आणि तेसुद्धा मावशींच्या हातात.

मग एक दिवस मावशींची भाची आली. आई गेल्यावर मावशींनीच तिला वाढवलेलं. केस दाट, कुरळे, कंगव्याला दाद न देणारे. तिचं लग्न ठरत आलं होतं.

"सरळ करून टाक, मावशी. त्याला कुरळे आवडत नाहीत."

मावशींनी क्रीम कालवायला घेतलं. केस फार, म्हणून अर्धं डोकं आधी आणि अर्धं नंतर असं ठरलं. पहिल्या बाजूला क्रीम मुरत असताना भाची म्हणाली, "माझी पानं काढ ना. उद्या होकार कळवायचाय. कळवू का, विचार."

मावशींनी मला पिसलं. पडला सूर्य, पडलं प्रेमी युगुल, पडले काठोकाठ भरलेले पेले. दुसरं पडणार तरी काय होतं? भाचीनं बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मीच उगाच घाबरत होते," ती म्हणाली. पण चेहरा काही आनंदी दिसेना. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. इतर बायका माझं ऐकून फार तर नवी साडी घेत असतील. ही पोर माझ्या भरवशावर आयुष्य द्यायला निघाली होती.

मावशींनी एक बाजू धुतली, वाळवली, सरळ केली. दुसऱ्या बाजूसाठी ब्रश उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"यातली वाईट पानं मी काढून ठेवलीत," त्या म्हणाल्या. "आत्ता पडलं ते काही खरं धरू नकोस."

"मग तुझं म्हणणं काय?"

"मला तो नाही पटत. तो असला की हसायच्या आधी तू त्याच्याकडे बघतेस."

भाचीनं मानेभोवतीचं फडकं सोडलं. "हे तुला कधीपासून दिसतंय?"

"पहिल्यापासून."

"आणि गप्प बसलीस? आईच्या माघारी मला खरं सांगायला तुझ्याशिवाय होतं कोण, मावशी?"

मावशींची मान खाली गेली. "वाटलं, तू दुखावशील, येणंच सोडशील," त्या पुटपुटल्या. पण ऐकायला भाची थांबली नव्हती. अर्धं डोकं सरळ, अर्धं कुरळं, तशीच ती भर रस्त्यानं निघून गेली.

मावशींनी खणातली पानं आणून माझ्यात मिसळली. मी पुन्हा पुरा झालो, पण त्यात माझं कसलं कौतुक? आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवत बसलो.

दुसऱ्या दिवशी भाची आली, डोळे सुजलेले. "काल तशीच त्याच्याकडे गेले होते, रडत. दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाला, 'आधी केस पुरे करून ये, मग बोलू.'" ती खुर्चीत बसली. "मी नकार देऊन आले. तुझ्या सांगण्यावरून नाही हं. माझं मी ठरवलं."

सवयीनं मावशींचा हात माझ्याकडे वळला. भाचीनं मला बाजूला सारलं. असं कुणी आजवर केलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

"केसांचं काय करायचं ते सांग. आणि गोड बोलू नकोस."

मावशींनी दोन्ही बाजूंचे केस हातात धरून पाहिले. "सरळ झालेले परत कुरळे व्हायचे नाहीत. कापावे लागतील. अगदी बारीक. काही महिने वाईट दिसशील."

"चालेल," भाची म्हणाली.

'वाईट दिसशील' एवढं साधं वाक्य मला उभ्या जन्मात कुणाला सांगता आलं नाही. आता मावशींनी मलाच खणात ठेवलंय, आणि तेच बरं आहे. तुम्हाला कधी काही विचारावंसं वाटलं, तर माझ्याकडे येऊ नका. आपल्या माणसाला विचारा. आणि ते खरं बोललं, तर त्याच्यावर रुसू नका.