राणीचं माहेर

आमचे हे कथा सांगतात. देवांच्या, राजांच्या, शापांच्या, वरदानांच्या. लोक त्यांना बुवा म्हणतात, वाकून नमस्कार करतात आणि मला म्हणतात, "ताई, भाग्यवान आहात, घरबसल्या पुराण ऐकायला मिळतं." मिळतं तर. मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, घरी येऊन भाजी चिरायला बसते आणि बुवा माझ्यासमोर उद्याच्या कथेची तालीम करतात. कुठल्या ऋषीला कशावरून राग आला ते मला तोंडपाठ आहे. ऋषी चिडला की त्याची कथा होते, मी चिडले की "तुझी बीपीची गोळी राहिली का?" असं होतं.

यांच्या कथेची एक रीत आहे. बुवा खुर्चीवर बसणार आणि शेजारी बुटक्या स्टुलावर एकजण हुंकार भरायला बसणार. एकेक वाक्य झालं की त्यानं "हं" म्हणायचं, मग बुवा पुढे जाणार. हं आला नाही तर कथा तिथंच थांबते. "हुंकाराशिवाय कथा म्हणजे भिंतीशी गप्पा," असं हे म्हणतात. त्या स्टुलावर आमची चिमी बसायची. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ते लग्न होऊन जाईपर्यंत.

ती चिमी मंगळवारी संध्याकाळी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. तोंडावर रुमाल होता. मी रुमाल बाजूला केला. वरचा समोरचा एक दात पडलेला, ओठ सुजलेला आणि गालावर एक बारीक, तिरकी चीर.

"मी परत जाणार नाही, आई," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

यांनी जावयाला फोन लावला. बराच वेळ "हो, हो, अगदी बरोबर" चाललं होतं. मग फोन ठेवून मला म्हणाले, "दाराच्या चौकटीवर आपटली म्हणे. घाबरून इकडे आली."

"चौकट अंगठी घालते का हो?" मी विचारलं. "गालावरची चीर बघितलीत?"

"मी काही तिथं नव्हतो. तूही नव्हतीस. संसारात थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इकडंतिकडं काय, तर माझ्या पोरीचा दात. पण बुवांच्या डोक्यात तोवर कार्यक्रम शिजला होता. शनिवारी आणि रविवारी दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांची कथा होती. जावयाला त्यांनी त्याच फोनवर आमंत्रण दिलं होतं. चिमी स्टुलावर बसेल, तो समोर बसेल, कथा ऐकून दोघांची मनं निवळतील.

"चार लोकांत दोघं एकत्र दिसली की निम्मा गैरसमज मिटतो," ते म्हणाले. "तू तेवढा दात करून ठेव. तशा तोंडानं लोकांसमोर बसायला तिलाच लाज वाटेल."

लाज तिला वाटायची. वा.

दात मी केला, पण यांच्या कार्यक्रमासाठी नाही, पोरीला नीट खाता यावं म्हणून. आमच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, मी प्लास्टरचा साचा ओतला. इतकी वर्षं हे काम करते, अनोळखी माणसांच्या हिरड्या हातात धरायची सवय आहे. पण हा साचा मी बोटांनी चाचपत बसले. खालचे दात जरा वाकडे, लहानपणी अंगठा चोखायची त्यामुळे. वर ती मोकळी जागा. रंगांची पट्टी लावून रंग जुळवला, मेणात आकार कोरला, बिघडला, पुन्हा कोरला. शेजारच्या टेबलावरचा पोऱ्या म्हणाला, "मावशी, मेणाशी भांडताय का?" मी म्हटलं, "हो, ते उलट बोलत नाही म्हणून."

शनिवारी हॉल भरला. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या, त्यांवर घडीच्या खुर्च्या. जावई दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर साखर पेरलेली. आणि बुवांनी कथा निवडली ती वनात सोडलेल्या राणीची. कुठली राणी ते सांगायला नको. घरोघरी ती माहीत आहे.

ही कथा मी यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की प्रत्येक वेळी ती वेगळी होती हेही मला ठाऊक आहे. श्रोत्यांत म्हातारी माणसं जास्त असली की राणी सासूची सेवा करते. तरुण मंडळी असली की राजा विरहानं वेडापिसा होतो. मागच्या वर्षी एका महिला मंडळात यांनी राणीला असं काही ठणकावून बोलायला लावलं होतं, "आता पुन्हा मला पारखू नका," की बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. आणि या शनिवारी? ते ठणकावणं गायब. राणी आपली खाली मान घालून म्हणाली, "पतीचं मन राखणं हाच माझा धर्म."

"हं," चिमी म्हणाली.

"त्यांनी दूर लोटलं तरी माझं चित्त त्यांच्यापाशीच."

"हं."

मी तिच्याकडे बघत होते. डोळे कुठंतरी लांब, आवाज लहानपणचा. शेवटी बुवांनी हात जोडले आणि माइकवर सांगून टाकलं, "आज माझ्या लेकीनं सर्वांदेखत या वचनाला हुंकार भरला. उद्या कथा संपली की ती आपल्या घरी जाईल." टाळ्या पडल्या. जावयानंही वाजवल्या.

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"हं म्हणजे ऐकतेय, पुढे सांगा. एवढंच. तुम्हीच शिकवलंत तिला. त्याला होकार कधीपासून म्हणायला लागलात?"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. तुम्हाला श्रोते आवडतात ना?"

"अगं, पुराणात जे आहे ते मी सांगितलं. ते काय मी बदलू शकतो?"

"मागच्या वर्षी कोणी बदललं? राणीच्या तोंडचं वाक्य कापलंत तुम्ही. शिंपी बाही कापतो तसं, समोरच्याच्या मापानं."

ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "चारचौघांत शब्द देऊन बसलोय. आता मागं कसा घेऊ?"

"शब्द तुमचा आणि दात तिचा," मी म्हटलं आणि आत गेले.

चिमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "उठून जाता आलं नाही गं," ती म्हणाली. "त्या स्टुलावर बसलं की आपोआप हं येतं. तिकडंही तेच व्हायचं. तो बोलायचा, मी हं म्हणायचे. एकदाच म्हटलं नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. राग इतका होता की रडूसुद्धा येत नव्हतं. माणसं या कथांवर वाढतात. अडचणीत काय करायचं ते देवाला विचारत नाहीत, देवाच्या गोष्टीला विचारतात. आणि ती गोष्ट माझ्या नवऱ्याच्या तोंडात होती.

रविवारी चिमीला मी घरीच ठेवलं. हॉलमध्ये गेले, सरळ पुढे जाऊन स्टुलावर बसले. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. भरल्या हॉलमध्ये बायकोला उठवणार कसं? लोकांना वाटलं, वा, आज खुद्द काकू. कुणीतरी माझ्यापुढेही माइक ठेवला.

कथा सुरू झाली. मी नीट हं म्हणत गेले, रीत मोडली नाही. राजानं राणीला पुन्हा दरबारात बोलावलं. हं. सारी प्रजा जमली. हं. राणी एकटी उभी राहिली.

मी गप्प बसले.

बुवांनी वाक्य पुन्हा म्हटलं. "राणी एकटी उभी राहिली."

"तिचा बाप कुठं होता?" मी विचारलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. बुवाही हसले. "तो आपल्या राज्यात."

"म्हणजे तिला माहेर होतं. बाप राजा होता आणि ज्ञानी म्हणून त्रिभुवनात नाव होतं. पोटुशी लेक वनात सोडली हे त्याला कळलंच नाही?"

"कळलं असेल."

"मग आला का न्यायला?"

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका पुढे वाकून ऐकत होत्या. बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. 

"ते..." ते म्हणाले, "ते मी कधी सांगितलेलं नाही."

"मग आज सांगा. हुंकार भरायला मी बसलेय. आणि जावई दुसऱ्या रांगेत बसलेत."

सगळ्या माना तिकडे वळल्या. जावयाचा चेहरा पडला. मी लोकांना म्हटलं, "माझ्या लेकीचा दात या जावयांनी पाडला. दुसरा मी माझ्या हातानं केला. आता ती आज घरी जाणार का, ते तिचा बाप सांगेल."

बुवांनी उपरणं सावरलं. मग खुर्चीवरून उठले, रांगेपाशी गेले. माइक हातातच राहिला होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू आलं. "तुम्ही निघा. चिमी येणार नाही. तिचं घर आमच्याकडे आहे."

जावई खुर्च्यांतून वाट काढत गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसत होत्या. कुणी म्हणालं, बुवांनी आज कथा जगून दाखवली. हे मान लववून नमस्कार घेत होते, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं हे मला कळत होतं.

मी टाळी वाजवली नाही. एवढी तीन वाक्यं बोलायला या माणसाला भरलेला हॉल लागला. मंगळवारी पोर तोंडावर रुमाल धरून दारात उभी होती, तेव्हा ऐकायला आम्ही दोघीच होतो.