बसकी खुर्ची

मालकांच्या टेबलासमोरची ती खुर्ची तिनेच बसकी केली होती. तेव्हा ती कारखान्यात नवीन होती. सोफ्यांना कापड चढवायचे, बैठकींत स्प्रिंगा बसवायच्या, एवढेच तिचे जग. मालक म्हणाले होते, "आतल्या स्प्रिंगा काढून टाक, पायही थोडे कापून घे. समोर बसणारा जरा खालीच बरा." तिने निमूटपणे तसे केले. आपण कुणासाठी खड्डा खणतो आहोत, हे तेव्हा उमगले नव्हते.

गेल्या वर्षी पगारवाढ मागायला गेली आणि ती स्वतःच त्या खड्ड्यात बसून आली. गुडघे छातीशी, हनुवटी टेबलाच्या कडेला, आणि वरून मालकांचा मऊ आवाज झिरपत राहिलेला : "अगं, तू तर घरचीच."

घरी आल्यावर आईने विचारले, "किती वाढवला?"

"मी त्यांचे आभार मानून आले."

"कशाबद्दल गं?"

तेच तिला आठवेना.

यंदा मात्र तिच्या हाताखाली टाके शिकलेल्या नव्या कारागिराने ओशाळून सांगितले, की त्याचा पगार तिच्याहून जास्त आहे. त्या दिवसापासून तो अपमान तिच्या आत वेटोळे घातलेल्या तारेसारखा होता. दाबावा तितका उसळणारा.

म्हणून आज तिने आपले कामाचे उंच स्टूल खांद्यावर घेतले. रंधा थांबवून सुतारकाकांनी विचारले, "पोरी, माळ्यावर चढायचंय की मालकांच्या डोक्यावर?"

"नुसतं समोर बसायचंय, काका."

केबिनमध्ये तिने बसकी खुर्ची बाजूला सारली, स्टूल टेकवले आणि बसली. मालकांना प्रथमच तिच्याकडे मान वर करून पाहावे लागले.

"हे काय नाटक?"

"त्या खुर्चीत बसलं की माणूस मागायचंच विसरतो, मालक. मला नव्या कारागिराइतका पगार हवाय."

"त्याला घर चालवायचं असतं."

"माझं काय आपोआप चालतं?"

"असं परक्यासारखं काय बोलतेस? तू घरची..."

"घरची म्हणून गेल्या वर्षी गप्प बसले. यंदा कामावरची म्हणून आलेय."

मालकांनी पेपरवेट फिरवला. "बरं, अर्धी वाढ आता घे. उरलेल्याचं पुढच्या वर्षी बघू."

"गिऱ्हाइकाला अर्धा सोफा देऊन पुढच्या वर्षी या म्हणता का?"

"आणि नाहीच दिली तर?"

"तर हे स्टूल उचलते आणि निघते. ते माझं आहे, घरून आणलेलं."

हरवलेली उंची परत मिळवावी म्हणून मालक उठून उभे राहिले. पण ऐटीत बसलेल्या बाईपुढे, टेबलावर दोन्ही हात टेकून उभा असलेला माणूस अर्जदारासारखाच दिसतो. केबिनच्या काचेतल्या प्रतिबिंबात ते त्यांनाही दिसले असावे. बाहेरचा रंधा केव्हाचा थांबला होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "त्याच्याइतका. या महिन्यापासून. पण बाहेर बोभाटा नको."

"मी कशाला बोभाटा करू?" ती उठली आणि रिकाम्या हातांनी दाराशी गेली.

"अगं, स्टूल राहिलं तुझं."

"असू दे इथेच. उद्या सुतारकाका येणार आहेत. गुडघे दुखतात त्यांचे. खाली बसवत नाही."