दिग्दर्शकाचा जामीनदार

आमच्या कॉलेजच्या शेक्सपिअर मंडळाला तीन वर्षांत तीन दिग्दर्शक मिळाले आणि तिघंही पळाले. पहिला सिरियलमध्ये गेला, दुसरा दुबईला. तिसरा ‘चहा घेऊन आलोच’ म्हणून बेलापूरच्या तालमीच्या खोलीतून उठला, तो अजून चहाच घेतोय. मी प्रियदर्शिनी, या मंडळाची सेक्रेटरी. शेवटचं वर्ष चालू आहे आणि आमचा पडदा उघडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. त्यात प्राचार्यांनी सांगून टाकलं, यंदा नाटक झालं नाही तर मंडळ बंद, खोलीत झुंबा.

डोकंच फिरलं माझं. घरी, कामोठ्याला, पप्पांसमोर खूप बडबडले. पप्पा मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. ते म्हणाले, “अगं, जामीनदार घ्या की. आमच्या टोळीत नवा गडी आला की त्याचा जामीनदार लागतो. गडी पळाला तर त्याच्या वाटची पोती जामीनदारानं उचलायची. मग कोण पळतंय?”

मला हे इतकं पटलं की मी जाहिरातच तशी टाकली. दिग्दर्शक पाहिजे, सोबत जामीनदार आणावा. दिग्दर्शक पळाल्यास उरलेलं नाटक जामीनदार बसवेल.

मुलाखतीला पाच जण आले. पहिल्यानं परदेशातली डिग्री काढून दाखवली. मी म्हटलं, “ते राहू द्या, जामीनदार कुठंय?” तो चिडून निघून गेला. दुसऱ्यानं बायको आणली होती. तिनं फॉर्म वाचला आणि सही करायला साफ नकार दिला. “मी ओळखते ना यांना,” म्हणाली. पुढचे दोघं एकमेकांचेच जामीनदार होते, त्यांना फहादनं दारातूनच कटवलं. फहाद म्हणजे आमच्या नाटकातला राजा. उंच, देखणा, पण दुसऱ्या रांगेपासून मागं तो नुसता दिसतो, ऐकू येत नाही.

शेवटी आला करावे गावचा स्वराज, तिशीचा, आणि त्याची जामीनदार म्हणून आई, काशीमावशी. मासळी विकून तशीच आली होती.

“मावशी, हा पळाला तर नाटक तुम्हाला बसवावं लागेल.”

“काय करायचा असतं त्यान?”

“कुणी कुठं उभं राहायचं, कधी बोलायचं, ते सांगायचं.”

“मंजे रोजचाच.”

आता जामीनदाराची परीक्षा नको का घ्यायला? फहादला उभं केलं. तो काहीतरी पुटपुटला. मावशी खोलीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. “कोनाला सांगतंस रं? मी गिऱ्हाईक हाय, निघाली बग. थांबव मना!”

फहाद असा गरजला की खालच्या मजल्यावरचं लेक्चर बंद पडलं. मी रडायचीच बाकी होते. “मावशी, तुम्हीच या ना!”

“मना वेल नाय. पोऱ्याला घ्या. त्यो पलाला तं येन.” आणि तिनं सही केली.

झालं, स्वराजला घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तो कधी पळतो याची वाट बघायला लागलो. दिग्दर्शक म्हणून तर आनंदच होता. राजाला त्यानं पाठमोरं बसवलं, चेहरा दिसला की लोक विचार करत नाहीत म्हणे. लढाईच्या प्रसंगात सगळ्यांना बूट पुसायला लावले. आम्ही तालीम सकाळी सहाला ठेवली, हा पावणेसहाला हजर. पंखा बंद केला, तर घाम पुसून पुढं चालू. चहा बंद केला, तर आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा थर्मास भरून आणला. कसला चिवट माणूस!

सोळाव्या दिवशी माझा ताबा सुटला. “दादा, स्पष्टच सांगते. तुम्ही जा. आम्हाला तुमची आई पाहिजे.”

तो खुर्च्या मांडत होता. “पहिल्या दिवसापासून माहितीये मला,” म्हणाला. “मलापण माझ्यापेक्षा तीच बरी वाटली.”

“मग?”

“सात नोकऱ्या सोडल्या मी. आईनं माझ्यासाठी कधी कुणाला शब्द दिला नव्हता, देणार तरी कुठल्या तोंडानं? तुमच्या फॉर्मवर तिनं पहिल्यांदा सही केली. आता झाडूनं मारलंत तरी मी जाणार नाही.”

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. रागही आला. आता याला हाकलायचं तरी कसं?

तेवढ्यात बाजारातून मावशीचा फोन. “पलाला का गो? लाजू नको, खरा सांग. शबूद दिलाय, मी येतंय उद्यापासून.”

समोर फहाद हात जोडून खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. एक ‘हो’ म्हटलं की मावशी इथं आणि आमचा पडदा वर. तीन वर्षं मी त्याच्यासाठीच तर मरत होते.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “इथंच आहेत ते. काम चाललंय.”

“खोटा नको बोलू.”

“आईशप्पत.”

मावशी भर बाजारात हमसून रडायला लागली. आजूबाजूच्या बायका ‘काय झाला गो, काय झाला’ विचारत होत्या, आणि ती रडतरडतच त्यांना सांगत होती, “सोला दिस झालं, माजा पोऱ्या पलाला नाय.”