शांतता विभाग

दौलतगंजातल्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेली सारी मंडळी गोदाम सांभाळणाऱ्या विमलच्या तोंडाकडे पाहत होती आणि विमल चहाच्या पेल्याकडे. तिला विचारले गेले होते: "काकू, तुमचा जीव कशात रमतो?"

विचारणारा अपूर्व हा मालकांचा मुलगा. व्यवस्थापनाच्या पदवीबरोबर तो एक साक्षात्कारही घेऊन परतला होता: काम माणसाच्या मापाने बेतावे. दारावरच्या जयसिंहरावांनी पूर्वजांच्या लढायांत जीव रमतो असे सांगताच त्यांचे बलस्थान 'कथन' ठरले. आता ते आत बसून गिऱ्हाइकांना पानिपत ऐकवत, आणि उघड्या दारातून गाय येऊन शालू हुंगून जाई.

"मतलब, मनातलं सांगा काकू. डरायचं नाही."

विमलने मनातले सांगितले. "मला गोदाम आवडतं. तिथं शांत असतं."

गोरखीतल्या तिच्या घरात सासऱ्यांचा टीव्ही पहाटेपासून गरजे आणि प्रत्येक खोलीतून तिच्या नावाची हाक येई. वरच्या गोदामात मात्र कोऱ्या सुताचा वास होता, खिडकीतून उतरणारी उन्हाची एक तिरीप होती, आणि दिवसभरात तिथे तिचे स्वतःचे मन तिच्याशी चार शब्द बोलत असे.

अपूर्वचे डोळे पाणावले. "शांतता! केवढी ताकद, आणि आपण ती अंधारात कोंडून ठेवली!"

"अंधार नाही हो, खिडकी आहे."

पण साक्षात्कार झालेल्या माणसाला खिडकी ऐकू येत नाही. सोमवारी विमलची खुर्ची तक्रारींच्या टेबलामागे आली, वर पाटी लागली: 'शांती-प्रमुख'. गोदामाची किल्ली दुकानातल्या पोऱ्याला, केदारला मिळाली, कारण त्याला मोठ्याने गाणी लावून काम करायला आवडे.

पहिलीच बाई रंग गेलेली साडी टेबलावर आपटत ओरडली, "एक धुलाई में ये हाल! अरे, बोलती क्यों नहीं?"

साडी बदलून द्यायची की नाही, हे विमलला कोणी सांगितलेच नव्हते. ती नुसती पाहत राहिली. बाई ओरडून ओरडून दमली, पाणी प्यायली आणि साडी घेऊन निघून गेली.

"वहिनी, आमचे पूर्वज तोफेपुढे असेच उभे राहत," जयसिंहराव गहिवरले.

"उभे राहिले असते तर तुम्ही कुठून आला असता?" गादीवरच्या जुन्या विक्रेत्या दिनकररावांनी साडीची घडी न मोडता विचारले.

अपूर्वला दोघांचेही ऐकू गेले नाही. तो टाळ्या वाजवत होता.

दुकान बंद व्हायच्या वेळी विमल त्याच्यासमोर उभी राहिली. नोकरीत तिने आजवर काही मागितले नव्हते. "अपूर्वभैया, मला गोदाम परत द्या. पाटी नको. पगार आहे तोच ठेवा."

"काकू, तुम्ही स्वतःला ओळखलंच नाही अजून!" त्याने प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गोदामाचं विसरा. रविवारी सगळ्या स्टाफचं शिबिर आहे, विषय मौन. दोन तास तुम्हीच बोलायचं. माइक सांगितलाय, स्पीकर सांगितलेत, बाहेर रस्त्यापर्यंत आवाज जाईल. बोलाल ना?"

विमलने खांद्यावरचा हात अलगद बाजूला केला, टेबलावरची पर्स उचलली आणि पायऱ्या उतरून ती बाजाराच्या गर्दीत चालू लागली.

"काकू? बोलाल ना?"