केमलीची जागा

मोवडाफळिया या पाड्यातल्या अकरा जणींनी मडक्यात दाणे टाकले, तेव्हा मक्याचे आठ निघाले आणि उडदाचे तीन. मका केमलीसाठी होता, उडीद वेस्तीसाठी. तिनातला एक दाणा वेस्तीचा स्वतःचा. दुसरा सासूचा असणार, असं ती धरून चालली. तिसरा कुणाचा, हे पाच महिने झाले तरी तिला कळलं नव्हतं. उरलेल्या नऊ जणींचे चेहरे ती अजून न्याहाळायची.

मुलींची शाळा ही मूळ वेस्तीची कल्पना. सरकारी शाळा दोन डोंगर ओलांडून होती. मुलगे जायचे, मुली बकऱ्यांमागे. वेस्ती घरोघर फिरली. ‘पोरगी शिकायला बसली तर बकऱ्या कोण चारणार?’ असं प्रत्येक घरात ऐकलं, तेव्हा तोडगाही तिनंच काढला. नऊ घरांच्या बकऱ्या एकत्र करायच्या आणि रोज एका घरातल्या बाईनं पाळीनं चारायच्या. एका संस्थेच्या माणसांनी पाट्या-पुस्तकं दिली. शिकवणारी फळियातलीच हवी आणि ती बायकांनी निवडावी, असं ठरलं. वेस्ती आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिची धाकटी जाऊ केमली आठवी पास, लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

दाणे मोजून झाल्यावर वेस्ती म्हणाली, “बरं झालं.” त्यानंतर तिला बरं असं काही वाटलं नाही.

कुणाच्याही वेलीची पहिली काकडी आता केमलीकडे जायची. सासू, जिला सगळे डोकरी म्हणत, पाण्याच्या खेपा वेस्तीलाच सांगायची. “केमलीचा घसा बसलाय गं बोलून बोलून.” वेस्तीची आठ वर्षांची थावरी शाळेतल्यासारखं घरातही काकीला ‘बेन’ म्हणू लागली. एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. आई चुलीपाशी बसलेली दिसत असून ती लंगडत अंगण ओलांडून केमलीकडे गेली. त्या संध्याकाळी वेस्तीच्या चार भाकरी करपल्या.

दिवाळी झाली की घरातलं एक जोडपं होळीपर्यंत गुजरातला बांधकामावर जायचं. मागच्या वर्षी वेस्ती आणि तिचा नवरा गेले होते. यंदा पाळी केमलीची.

“यंदाही तूच जा, वेस्ती,” डोकरी म्हणाली. “केमली गेली तर शाळा बंद पडेल.”

“पाळी म्हणजे पाळी. बकऱ्यांची पाळी मी चुकवते का कधी?”

“अगं, पण पोरी...”

“पोरींना मी आहे की. चौथी शिकलेय, मुकी नाहीये.”

केमली निवडत असलेल्या डाळीवरून मान न उचलता म्हणाली, “थोरल्या बाईचं खरं आहे. पाळी माझीच आहे.”

ती भांडेल, निदान रडेल, असं वेस्तीला वाटलं होतं. तयारीही होती. एवढ्या सहज मिळाल्यावर तिला जिंकल्यासारखं वाटेना.

फळियातल्या बायका मात्र सहज मानल्या नाहीत. त्यांच्या वतीनं रंगली बोलली. तिच्या दोन मुली शाळेत होत्या. “अमावास्येला बसू. पोरींना पुढचं काही येत असलं तर तू शिकव. नाहीतर आम्ही दुसऱ्यांच्या बकऱ्या कशाला चारायच्या? ज्याच्या पोरी त्याच्या बकऱ्या.”

केमली गेली. वेस्ती मोहाच्या झाडाखाली तिच्या जागेवर बसली. पहिले तीन दिवस अक्षरांत निघाले. चौथ्या दिवशी तिनं फळ्यावर बत्तीस लिहिले, खाली सतरा. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे. असंच काहीसं तिला आठवत होतं. पाच. तिनातून एक गेला, दोन. पंचवीस.

“बेन असं करायची नाही,” थावरी म्हणाली.

“बेन आता मी आहे.”

त्या दिवशी बकऱ्यांची पाळी रंगलीची होती. कळप हाकत ती झाडापाशी थांबली. “काय लिहिलंय गं?”

“बत्तीस बकऱ्या होत्या,” तिच्या मुलीनं सांगितलं, “भगोरियाच्या बाजारात सतरा विकल्या. उरल्या पंचवीस.”

रंगलीला अक्षर येत नव्हतं, पण बकऱ्या येत होत्या. ती काठीवर रेलून हसत सुटली. “पंधरा उरतील, बाई! वरच्या दहा कुठून आणल्यास? मलापण ने त्या बाजारात!”

मुली हसल्या. थावरीही हसली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वेस्ती थावरीला घेऊन डोंगराच्या माथ्यावर गेली. फोनला रेंज तिथंच यायची. केमलीची जेवणाची सुट्टी होती.

“घरी सगळं ठीक ना, बाई?”

“ठीक आहे. एका पोरीला वजाबाकी अडलीय.”

“कुणाला?”

“आहे एक.”

“तिला म्हणावं, तुराट्या घे. दहा-दहाच्या जुड्या बांध. सुट्या काड्या कमी पडल्या की एक जुडी सोडायची. तिची तिला सोडू द्यायची, आपण सोडायची नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.” मग हळूच तिनं विचारलं, “पोरी आठवण काढतात माझी?”

थावरी फोनसाठी हात पुढे करून उभी होती.

“नाही,” वेस्ती म्हणाली. “रमल्यात.”

पलीकडून काँक्रीटच्या यंत्राची घरघर ऐकू आली. “नशीब तुझं,” केमली म्हणाली. “मी इथं विटा मोजते. एका खेपेला बारा, पुन्हा बारा. खरं सांगू? जळते मी तुझ्यावर.”

“काय म्हणालीस?” वेस्तीला ते पुन्हा ऐकायचं होतं. पण फोन कटला होता.

अमावास्येला बायका जमल्या. रंगलीच्या धाकटीनं जुडी सोडली, काड्या मांडल्या, बत्तीसातून सतरा काढून पंधरा उरवल्या. मग त्रेपन्नातून अठ्ठावीस. रंगलीनं स्वतःशी बोटं मोजून पाहिली आणि मान डोलावली.

“युक्ती चांगलीय. कुणाची?”

“माझी,” वेस्ती म्हणाली.

थावरीनं एकदा आईकडे पाहिलं आणि ती काड्या गोळा करू लागली.

शाळा होळीपर्यंत वेस्तीकडे ठेवायची, असं ठरलं. डोकरीनं कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. थावरी मात्र दोन दिवस आईशी बोलली नाही. सांगितलेली कामं करायची, विचारलं तर मान हलवायची. शाळेत सगळ्यांत पुढे बसायची आणि फळ्याकडे बघायची, आईकडे नाही. वेस्तीनं तिला गूळ दिला, तो तिनं आजीला दिला.

तिसऱ्या दिवशी वेस्ती तिला पुन्हा माथ्यावर घेऊन गेली. नंबर लावला आणि पलीकडून आवाज येताच फोन मुलीच्या हातात दिला.

“काकी, आम्ही रोज विचारतो तू कधी येणार,” थावरी एका दमात म्हणाली. “आये खोटं बोलली. आणि जुड्यांचंपण माझं-माझं म्हणाली सगळ्यांना.”

वेस्ती दरीकडे तोंड करून उभी राहिली. थावरी बोलत होती, मग हसत होती. महिनाभरात ती घरात असं हसली नव्हती. फोन हिसकावून घ्यावा, असं वेस्तीला दोनदा वाटलं. तिनं दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले.

“काकी तुला मागतेय.”

वेस्तीनं फोन कानाला लावला. केमलीनं आधी बोलावं, म्हणून ती थांबली.

“भागाकार,” वेस्ती म्हणाली. “मला येत नाही.”

“पाटी आहे जवळ?”

“नाही.”

“मग खाली बस. मातीवर काढ.”

वेस्ती बसली. तिनं एक काडी उचलली. “होळीपर्यंत शाळा माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते. बायकांनी ठरवलंय.”

“कळलं मला. लिही,” केमली म्हणाली. “चोवीस लिही.”